आधीची का गेली?

जळगावच्या एका इंग्रजी शाळेत गणित शिकवणाऱ्या मोहिनी भंगाळेनं त्या वर्षी परदेशातल्या चार शाळांना मुलाखती दिल्या आणि चारही ठिकाणी एकच चूक केली. गणितात नव्हे. गणितात तिची चूक काढणारा अजून जन्माला यायचा होता. मुलाखत छान व्हायची, नमुन्याचा पाठ छान व्हायचा, लॅपटॉपच्या पडद्यावरची मंडळी माना डोलवायची. मग शेवटी त्यांच्यातलं कोणीतरी हसून विचारायचं, तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय का?

"नाही, काही नाही," मोहिनी म्हणायची आणि मान खाली घालायची. मग आठवड्यानं गोड शब्दांत नकार यायचा.

चौथा नकार आला तेव्हा पुण्याच्या एजन्सीतून हिनाचा फोन आला. शिक्षकांना परदेशातल्या शाळा मिळवून द्यायचं काम ही पोरगी करायची. वयानं मोहिनीच्या जुन्या विद्यार्थिनींएवढी, पण फटकळ.

"मॅडम, तुम्ही त्यांना काहीच का विचारत नाही? त्यांना वाटतं, या बाईला आमच्या शाळेची पर्वाच नाही. शाळा तुम्हाला बघते, तसं तुम्हीपण शाळेला बघायचं असतं."

मोहिनी तेव्हा शाळेच्या फाटकाशी बसच्या रांगा लावत उभी होती. तिच्या अगदी ओठांवर आलं होतं की अगं, मुलीनं विचारायचं नसतं. वय वर्षं चव्वेचाळीस, केस कानाशी पांढरे, आणि म्हणे मुलीनं! तिचं तिलाच हसू आलं. पण ते हसूही दमलेलं होतं. सहा तास शिकवून, दोन तास दुसऱ्यांचे वर्ग सांभाळून माणूस हसेल तेवढंच.

आता हे हिनाला कुठून समजावणार? मोहिनी वाढली रावेर-फैजपूरकडच्या केळीच्या पट्ट्यात. तिकडं मुलीला बघायला पाहुणे आले की पोहे होतात, चहा होतो, मुलीचं नाव-शिक्षण विचारून होतं, आणि मग एखादा मोठा माणूस उदार होऊन म्हणतो, बाई, तुला काही विचारायचं असलं तर विचार. हे म्हणायचं असतं. आणि मुलीनं मान हलवून 'नाही' म्हणायचं असतं. विचारलं तर पोरगी तोंडाळ ठरते. मोहिनीच्या आईनं, सुनंदाबाईंनी, पहिल्या वेळीच बजावून ठेवलं होतं. मोहिनी रंगानं सावळी, त्यात बी.एस्सी. बी.एड., म्हणजे शिक्षण जास्त आणि उजेड कमी, असं बायका म्हणत. पाहुणे येत राहिले, पोहे खात राहिले, आणि ती 'नाही' म्हणत राहिली. तिला एवढी सवय झाली की आतून काही विचारायचं उमटतच नाहीसं झालं.

सव्विसावं सरता सरता भाईदास मध्यस्थानं वरणगावचं स्थळ आणलं. ऑर्डनन्स फॅक्टरीत परमनंट, घरी चार एकर मळा, विहिरीला बारमाही पाणी. बिजवर होता, पण पहिलीशी कागदपत्रं होऊन मोकळा, मूलबाळ नाही. मोहिनीचे वडील सुपडू आबा आणि मोठा भाऊ नवीन जाऊन सगळं बघून आले. नवीननं विहिरीत दगड टाकून पाणी बघितलं, मळ्याचा उतारा बघितला, क्वार्टरमध्ये नळाला किती वेळ पाणी येतं तेही विचारलं. पहिली का गेली, हे मात्र कोणी विचारलं नाही. विचारणार कसं? लोकांच्या घरी बसून, लोकांचा चहा पीत, असलं विचारतं का कोणी? भाईदास आपणहून एवढंच म्हणाला, "तिचं पटलं नाही." झालं. पटलं नाही तर पटलं नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मोहिनीनं नवऱ्याचा एक जुना विटका शर्ट भांडेवालीला देऊन डबा घेतला. संध्याकाळी त्याला कळलं. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही बोलला नाही. ओरडला नाही, भांडला नाही, ताट ढकललं नाही. कामावर गेला, आला, जेवला, झोपला. असा संक्रांतीपर्यंत. मग एक दिवस पेपरातली बातमी वाचून सहज काहीतरी बोलला, जणू मधलं काही घडलंच नव्हतं.

पुढं पुढं कारणही लागेना. मोहिनी माफी मागायची. कशाची ते माहीत नसताना मागायची. भाजीत मीठ कमी होतं का, माहेरी फोन जास्त वेळ केला का, हसले का, नाही हसले का. त्याच्या पाठीमागं उभी राहून ती आपल्याच चुका मोजायची आणि तो चपला घालून निघून जायचा. घरात बोलायला कुकर तेवढा उरला. आठ वर्षं तिनं हे काढली. मग एका सकाळी तिला शाळेत शिकलेलं एक साधं समीकरण आठवेना, तेव्हा ती घाबरली आणि बॅग भरली.

माहेरी चौकशी बसली. दारू पितो का? नाही. हात उचलतो? नाही. बाहेर काही? नाही. पगार घरात देतो? देतो. "मग तुले दुखलं काय?" चुलत्यानं विचारलं.

"बोलत नाही."

"हात्तिच्या!" शेजारची काकू म्हणाली. "आमचे कुठी बोलतात?"

सगळे हसले होते. मोहिनीही हसली होती, कारण रडायला त्राण नव्हतं. सुपडू आबा तेवढे हसले नाहीत. तेच तिला जळगावला घेऊन आले, दोन खोल्या बघून दिल्या, आणि ती शाळेत लागल्यावर पुढच्याच वर्षी वारले.

जळगावला आल्यावर, कोर्टात कागद झाल्यावर, एकदा ती भुसावळच्या बसस्टँडवर उभी असताना एक बाई जवळ आली. चाळिशी ओलांडलेली, हातात नर्सची पिशवी. "तुम्ही वरणगावच्या ना? दुसऱ्या?" म्हणाली. "मी कुमुद. पहिली."

दोघी कँटीनमध्ये चहाला बसल्या. चहा आला. मग कुमुदनंच विचारलं, "तुमचा सगळ्यात लांबचा कोणता?"

मोहिनीला बरोबर कळलं. "गणपती ते संक्रांत."

"माझा होळी ते पोळा," कुमुद म्हणाली, आणि दोघी अशा हसल्या की कँटीनवाल्यानं वळून बघितलं. हसता हसता कुमुदचे डोळे भरले. "तुमचं ठरलं तेव्हा मी रोज वाट बघायची. म्हटलं, कोणीतरी येईल विचारायला. इथंच तर होते, भुसावळात. विचारलं असतं तर सगळं सांगितलं असतं. कोणी आलंच नाही."

"तुम्ही का नाही आलात?"

"मी कशी येणार? लोक म्हणाले असते, जळतेय."

बस लागली आणि कुमुद निघून गेली. ते शेवटचं वाक्य मोहिनीच्या मनात बसलं ते बसलंच.

तर अशी ही मोहिनी. जळगावात तिचं वाईट चाललं होतं असं नाही, पण ती थकली होती. पालकांचे रात्रंदिवस येणारे मेसेज, तपासायच्या वह्यांचे गठ्ठे, उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्याखालचा वर्ग. हे सगळ्या शिक्षकांनाच असतं. तिला थकवलं होतं ते वेगळ्याच गोष्टीनं. कुठल्या लग्नात जावं, कुठल्या दुकानात शिरावं, कोणीतरी कोणालातरी कोपरानं ढोसून सांगायचं, ती बघ, वरणगावहून आलेली. दहा वर्षं झाली तरी ती वरणगावहून आलेलीच. म्हणून तिला जायचं होतं. जिथं वरणगाव कोणाला ऐकूनही माहीत नाही, अशा ठिकाणी मुलांना त्रिकोणमिती शिकवावी, घरी यावं, खिडकी उघडावी, एवढंच. हिनानं सांगून ठेवलं होतं की आणखी एखादं वर्ष, मग बऱ्याच शाळा वय बघूनच अर्ज बाजूला ठेवतात.

हिनानं फोनवर घोकून घेतलं तेव्हा मोहिनी पाचव्या आणि सहाव्या मुलाखतीत विचारायला शिकली. काय विचारलं? पुस्तकं कोणती वापरता, एका वर्गात मुलं किती, शनिवारी सुट्टी असते का. कोणालाही विचारता येईल असं, ज्याच्या उत्तरानं काही बिघडत नाही असं. पण तेवढ्यानंही काम झालं. दोन्ही शाळांचा होकार आला. एक मस्कतची, एक आफ्रिकेतल्या दार-ए-सलामची. "आता निवड तुमची, मॅडम," हिना म्हणाली.

निवड तुमची! जन्मात पहिल्यांदा हे वाक्य मोहिनीच्या वाट्याला आलं होतं, आणि आलं तेव्हा तिच्यात उभं राहायचंही बळ नव्हतं. मस्कत की दार-ए-सलाम? दोन्हीकडचे फोटो छान, दोन्हीकडची माणसं हसरी. वरणगावच्या क्वार्टरचा फोटोही छानच होता की. तिला एकाच गोष्टीची भीती होती आणि ते ती कोणाला सांगत नव्हती. पुन्हा न विचारता एखाद्या घरात जाऊन पडले तर? या वेळी तर परत यायला आबाही नाहीत.

रविवारी नवीन आईला डोळे दाखवायला जळगावात घेऊन आला आणि दोघं मोहिनीकडं जेवायला थांबले. मस्कतचं ऐकल्यापासून नवीनच्या अंगात संचारलं होतं. त्याच्या मळ्यातली केळी सावद्याच्या व्यापाऱ्यामार्फत आखातात जायची. त्या व्यापाऱ्याचा रतिलाल म्हणून एक माणूस मस्कतच्या बाजारात होता. नवीननं त्याला थेट शाळेवर पाठवलं.

"हे पाह्य," नवीननं फोन पुढं केला. रतिलालनं फाटकातून व्हिडिओ काढला होता. काचेची इमारत, पिवळ्या बसगाड्या, मैदान. "बिल्डिंग सोताची हाये, भाड्याची नाही. बस एसी. मालक मोठी पार्टी. अजून काय पाह्यजे तुले?"

"आणि दुसरी?"

"दार-ए-सलामले आपलं कोनी नाही. जठी आपलं कोनी नाही तठी पोरगी द्यायची नाही."

"भाऊ, तू मला देत नाहीयेस कुठं. नोकरीला चाललेय मी."

नवीन जरा वरमला. जेवणाकडं वळला, भरीत वाढून घेतलं, आणि विषय बदलायचा म्हणून नेमका नको तो काढला. "तुले सांगाचं राह्यलं. त्या वरणगाववाल्याचं परत जमू राह्यलं. शिंदखेड्याकडची हाये म्हने, बालवाडीत शिकवते. भाईदासनंच आनलं स्थळ."

मोहिनीचा घास हातात राहिला. "तिला कोणी सांगितलं का?"

"काय सांगाचं? आन् आपल्याले काय करायचं? लोक म्हनतीन, जळू राह्यली."

कुमुदचंच वाक्य. शब्दसुद्धा जवळजवळ तेच. मोहिनीनं घास ताटात ठेवला.

सुनंदाबाई इतका वेळ डोळ्यांत औषध घातलेलं म्हणून डोळे मिटून भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या तशाच मिटल्या डोळ्यांनी म्हणाल्या, "पहिली काहून गेली, हे मले तवाच विचारायचं व्हतं. तुह्या बापाले म्हनलंही. ते म्हने, चांगलं स्थळ हातचं जाईन. मंग म्या चूप बसली. वीस वर्सं झाली, जीव खाते ते मले."

"आई, वीस नाही झाली."

"मले तेवढी लागली," सुनंदाबाई म्हणाल्या.

मंगळवारी मस्कतच्या मुख्याध्यापकांशी शेवटचं बोलणं होतं. सगळं ठरलं होतं, नुसता होकार द्यायचा होता. गृहस्थ सुरेख बोलत होते. शेवटी त्यांनी हसून विचारलं, आणखी काही विचारायचंय का?

मोहिनीनं मान खाली घातली नाही. "एक आहे," ती म्हणाली. "माझ्या आधी गणिताला ज्या शिक्षिका होत्या, त्या का गेल्या? मला त्यांच्याशी बोलता येईल का?"

पडद्यावरचं हसू तसंच राहिलं, पण मागं काहीतरी बंद झाल्यासारखं वाटलं. गृहस्थ म्हणाले, बघू, कळवतो. आणि बोलणं संपलं.

त्यांनी कळवलं नाही. आठवडा गेला. मोहिनीनं विनयानं विचारणा केली, उत्तर नाही. हिनानं फोन लावले, कोणी उचलेना. नकारही नाही, होकारही नाही. नवीनला कळलं तेव्हा तो फोनवरच कडाडला, "घरी आलेली लक्ष्मी लाथाडली तू. काय गरज व्हती उकरायची?"

त्या दुपारी मोहिनी माफीचा मेल लिहायला बसली. माझ्या प्रश्नानं गैरसमज झाला असल्यास क्षमा असावी, माझा तसा हेतू नव्हता, असं बरंच लिहिलं. इंग्रजी छान जमलं होतं. पण परत वाचताना ती थांबली. ही भाषा तिच्या ओळखीची होती. कशाची ते माहीत नसताना मागायची माफी. पाठमोऱ्या माणसासमोर उभं राहून आपल्याच चुका मोजायच्या. आठ वर्षं तिनं हेच केलं होतं, आणि इथं तर अजून घरात पाऊलही टाकलं नव्हतं. तिनं सगळं पुसून टाकलं आणि उठून चेहऱ्यावर पाणी मारलं. एक प्रश्न विचारला तर मुकी होणारी शाळा, उद्या मतभेद झाला तर काय करेल? मस्कत तिथं संपलं. तिला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं.

आता दार-ए-सलाम. तिथल्या मुख्याध्यापिका आवाजानं मोठ्या, बोलताना हात फेकायच्या. मोहिनीनं तोच प्रश्न विचारला. बाई थबकल्या, मग खो खो हसल्या. "विचारा की! तिचा नंबर देते. पण आधीच सांगते, ती माझ्याबद्दल बरं बोलणार नाही. आमची फार भांडणं व्हायची."

नंबर त्याच दिवशी आला. आधीची शिक्षिका केरळची, लीलाम्मा नावाची, आता कोट्टायमला आईपाशी राहत होती. मोहिनीनं ओळख सांगितली आणि पुढं कसं विचारावं या विचारात अडखळली. पण लीलाम्माला ढोसायची गरज नव्हती. अर्धी हिंदी, अर्धी इंग्रजी, गाडी सुरू झाली. राहायला देतात ते घर पश्चिमेकडं तोंड करून, दुपारनंतर भट्टी. वीज कधी जाईल त्याचा नेम नाही. मुख्याध्यापिका न सांगता वर्गात येऊन मागच्या बाकावर बसते आणि मधेच बोलते. कॉपियर जन्मात एकदा नीट चालला. मुलं मात्र गोड, आणि गणिताला घाबरतात, तेवढी घाबरवू नको. "मी सोडलं ते आईसाठी," लीलाम्मा म्हणाली. "आई पडली. नाहीतर अजून तिथंच भांडत असते."

मोहिनीनं मग तिचा खरा प्रश्न विचारला. "भांडण झालं की त्या मुख्याध्यापिका बोलणं टाकतात का?"

"बोलणं टाकतात?" लीलाम्माला प्रश्नच कळेना. "अहो, तिला गप्प बसवून दाखवा, मी तुम्हाला बक्षीस देते. सकाळी भांडेल, दुपारी डब्यातलं माशाचं कालवण तुमच्या ताटात वाढेल, आणि वाढता वाढता परत भांडेल."

मासे मोहिनी खात नव्हती, पण तिनं दार-ए-सलाम तिथल्या तिथं निवडलं. भट्टीसारखं घर, गेलेली वीज, मधेच बोलणारी मुख्याध्यापिका, सगळं कबूल. फोन ठेवायच्या आधी तिनं आभार मानले, तसं लीलाम्मा म्हणाली, "मला कोणी विचारतच नाही हो. आपण आपणहून सांगायला गेलो की लोकांना वाटतं, रडगाणं गातेय. तुम्ही विचारलंत, बरं वाटलं."

होकार गेला, सही झाली, व्हिसाचं काम हिनानं हातात घेतलं. नवीन आठवडाभर फुगून बसला आणि मग स्वतःच फोन करून म्हणाला की दार-ए-सलामलाही केळी पिकतात म्हणे, चव कशी असते ते कळव. ही त्याची समजूत काढायची रीत. मोहिनीला आनंद व्हायला हवा होता, झालाही, पण थोडा. खूप दिवस ओझं वाहिलेल्या खांद्याला ते उतरल्यावरही काही काळ दुखतच राहतं. आणि एक गोष्ट तिच्या मागं लागली होती. ती सगळीकडून विचारून, खात्री करून चालली होती. शिंदखेड्याची ती बालवाडीची बाई मात्र न विचारता चालली होती.

ती कोण लागते आपली? कोणी नाही. लोक जळते म्हणतील, म्हणोत. मोहिनी तशीही चाललीच होती, त्यांचं म्हणणं ऐकायला ती इथं असणार नव्हती. तरी तिचे चार दिवस हो-नाही करण्यात गेले, कारण भीती सवयीनं येते, कारणानं नाही.

शिक्षकांना शिक्षकांचे नंबर मिळायला वेळ लागत नाही. धुळ्याला प्रशिक्षणात भेटलेल्या एका बाईंकडून नंबर मिळाला, नावही कळलं. ज्योती. शनिवारी शाळा सुटल्यावर, वर्ग रिकामा झाल्यावर, मोहिनीनं फळा पुसला, पंखा बंद केला आणि फोन लावला.

"मी मोहिनी भंगाळे. जळगावहून बोलतेय." मग तिनं श्वास घेतला. "वरणगावचं स्थळ आलंय ना तुम्हाला? मी तिथली आधीची."

पलीकडं लहान मुलांचा गलका होता. तो हळूहळू लांब गेला, म्हणजे ज्योती वर्गाबाहेर आली असावी. "हो," ती बारीक आवाजात म्हणाली. "घरचे म्हणतात, बठ्ठं चांगलं शे, कशातच कमी नाही. पुढच्या महिन्यात साखरपुडा आहे."

"मी मोडायला फोन केलेला नाही. तुमचा निर्णय तुमचा आहे. फक्त, तुम्हाला मला काही विचारायचंय का?"

"नाही," ज्योती लगेच म्हणाली. "नाही, काही नाही."

तो आवाज मोहिनीनं ओळखला. तिचाच होता तो. पोह्यांच्या बशीमागून, लॅपटॉपच्या पडद्यासमोरून, इतकी वर्षं ती ह्याच आवाजात ह्याच शब्दांत बोलत आली होती. ज्योतीचं तोंड या क्षणी खाली असणार हेही तिला दिसल्यासारखं कळलं. सांगून टाकावं असं तिला फार वाटलं. पण न विचारता सांगितलेलं ऐकून घेतलं जात नाही.

"मी थांबते," ती म्हणाली. "घाई नाही मला."

फोनवर कोणीच बोलेना. मोहिनीनं शांतता पुष्कळ सोसली होती. ही तिला जड गेली नाही. खिडकीतून बसगाड्या जाताना दिसत होत्या. पलीकडं ज्योतीचा श्वास ऐकू येत होता, आणि फोन चालू होता.

"ताई," शेवटी ज्योती म्हणाली. "त्या दिवशी बघायला आले होते ना. आत्यानं त्यांना दोन-तीनदा काही विचारलं. त्यांनी नुसती मान हलवली. निघतानासुद्धा काही नाही. घरचे म्हणाले, शांत आहेत स्वभावानं." ती थांबली. "ते बोलतात का हो, ताई?"

मोहिनीनं पहिल्या रांगेतला बाक ओढला, त्यावर बसली, आणि त्या विटक्या शर्टापासून सांगायला लागली.